किल्ली तुझ्या कपाटात ठेव

सातारा,
रविवार

प्रिय बाळ्या,

परवा कराडच्या एसटी स्टँडवर मला घ्यायला तू पोराला पाठवलंस. ॲक्टिव्हा झोकात वळवून समोर उभा राहिला, "बसा काका!" म्हणाला. मी बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. घरी आल्यापासून चैन नाही, म्हणून फोन न करता लिहायलाच बसलो.

थोरल्या दादाकडं काय घडलं ते तुला अर्धंच ठाऊक आहे. पुतण्या सतराचा. क्लासला जाताना वळणावर एका आजींना धडकला. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. पिशवीतली मेथी रस्ताभर पसरली होती आणि हा रडत रडत ती एकेक काडी गोळा करत होता. पोलीस ठाण्यात वय ऐकल्यावर साहेबांनी एवढंच विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर?" आरसी बुकावर नाव वहिनीचं. पोराला गाडी देऊ नका म्हणून घरात रोज भांडायची ती एकटी, आणि गुन्ह्यात नाव लागलं तिचंच.

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९९-अ कलम आलं. अल्पवयीन पोरानं गाडीवर गुन्हा केला की पालक किंवा गाडीमालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. त्यासाठी अपघातच व्हावा लागतो असं नाही, लायसन्सविना चालवणं हाच गुन्हा. पोराला मग २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. तुझा सोळाचा आहे, म्हणजे नऊ वर्षं! "मला न विचारता नेली" म्हणूनही भागत नाही. तुझ्या संमतीनंच नेली असं कोर्ट धरून चालतं. तसं नव्हतं हे तू सिद्ध करायचं. किल्ली तर तुझ्या दाराशेजारी खिळ्याला लटकलेली असते.

गिअर नसलेली सोळाव्या वर्षी चालते, असं तू मागं म्हणालास. ती सवलत ५० सीसीपर्यंतच, आणि तीही लायसन्स काढून. तुझी ॲक्टिव्हा शंभराच्या वरची आहे.

विम्याच्या भरवशावरही राहू नकोस. अशा दाव्यात विमा कंपनी जखमीला भरपाई देते खरी, पण लायसन्स नव्हतं म्हणून तेच पैसे गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा कोर्ट तिला देऊ शकतं. दादानं वहिनीच्या पाटल्या मोडायची तयारी ठेवलीय.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. ती चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा आपण दोघंही फोनवर किती तावातावानं बोललो होतो! गाडी महागडी पोर्शे होती, म्हणून ते श्रीमंतांचं वाटलं आपल्याला. आजींना मात्र स्कूटीच लागली. त्या अजून वॉकर धरून चालतात. दर गुरुवारी मी पुतण्याला घेऊन त्यांच्याकडं जातो. तो खाली मान घालून बसतो, आणि त्याच त्याला चहा घे म्हणतात.

किल्ली आजच तुझ्या कपाटात टाक. पुतण्याची गिअरची सायकल पडून आहे, मी ट्यूब बदलून ठेवलीय. पुढच्या शनिवारी घेऊन येतो. स्टँडवर तूच ये.

तुझाच,
दादू