पालकमंत्री महोदय, बागेच्या दारात आमच्या मुलांची उंची मोजणं थांबवा

माननीय पालकमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बागेच्या सुशोभीकरणाचं भूमिपूजन आपण केलंत. धाकटीला कडेवर घेऊन मी त्या गर्दीत उभी होते. गोरगरिबांची मुलं इथे फुकट खेळतील, असं आपण माईकवरून सांगितलंत. मी घरी येऊन थोरल्या दोघांना तो शब्द तसाच्या तसा सांगितला. चूक माझीच, तो शब्द मी माझ्या मुलांना दिला.

गेल्या रविवारी आम्ही पाच जण तिथे गेलो. थोरली तेरा वर्षांची, मधला आठ, धाकटी तीन. बाग आता ठेक्यावर दिली आहे. खिडकीशेजारच्या भिंतीवर जिराफ रंगवलाय आणि त्याच्या मानेवर फुटाच्या खुणा आहेत. तीन फुटांच्या वर मुलाचं तिकीट, चार फुटांच्या वर मोठ्या माणसाचं. मधल्याला त्या जिराफाला पाठ लावून उभं केलं. खिडकीतला माणूस वाकून बघायला लागला आणि माझ्या मुलाने हळूच गुडघे वाकवले. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "सरळ उभा राहा रे," असं तो माणूस ओरडला, तेव्हा मागच्या रांगेतले लोक हसले. पोराचे कान लाल झालेले मी पाहिले.

मोठ्यांचे 150, लहानांचे 100. चार मोठे, एक लहान, म्हणजे 700. वर 18 टक्के जीएसटी, एकूण 826 रुपये. मी पतसंस्थेत कारकून आहे, महिना बारा हजार. हा माझा जवळजवळ दोन दिवसांचा पगार झाला. आणि आत पाटी आहे की बारा वर्षांवरच्या मुलांना झोपाळा-घसरगुंडीवर मनाई. म्हणजे थोरलीने पैसे मोठ्या माणसाचे भरायचे आणि आत जाऊन बाकावर बसायचं! घरचा डबासुद्धा न्यायचा नाही. ती म्हणाली, "आई, तुम्ही जा, मी बाहेर थांबते." मग कुणीच गेलं नाही. फुटपाथवर बसून पोळी-भाजी खाल्ली आणि परतलो.

साहेब, एसटीचा हिशोब बघा. पाच वर्षांच्या आतलं मूल फुकट, बारापर्यंत अर्धं तिकीट, आणि मार्च 2023 पासून आम्हा बायकामुलींनाही अर्धं. आमचं पाच जणांचं कुटुंब अडीच तिकिटांत गावी जाऊन येतं. एसटी वय विचारते, गुडघे सरळ करायला लावत नाही. सरकारचीच एक गाडी हे करू शकते, तर सरकारच्याच जागेवरच्या बागेला का जमत नाही?

आमच्यासारख्यांची अडचण कुणी समजूनच घेत नाही. एकच मूल असेल तर कुठेही भागतं. तीन वयांची तीन मुलं असली की एकीला झोपाळा, एकाला पळायला मोकळी जागा आणि एकीला मैत्रिणींबरोबर बसायला, वाचायला, बॅडमिंटन खेळायला कोपरा लागतो, आणि हे सगळं एका नजरेच्या टप्प्यात. एका आईला तीन ठिकाणी उभं राहता येत नाही. माझे वडील आम्हा चार भावंडांना याच बागेत आणायचे. भडंगाची एक पुडी, जुनं वडाचं झाड, आणि संध्याकाळ संपायची. ते झाड सुशोभीकरणात गेलं.

पतसंस्थेत येणाऱ्या एका वकिलांनी मला दाखवलं की 74 व्या घटनादुरुस्तीने बागा आणि मैदानं ही नगरपालिका-महापालिकांच्या कामांच्या यादीत घातली आहेत. मग ठेकेदार मध्ये कुठून आला? शाळेला मैदान हवं, असं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात आहे. पण सुट्टी लागली की त्याच मैदानाला कुलूप. सभा असली, चषकाचे सामने असले की कुलूप निघतं, दिवे लागतात, रात्री बारापर्यंत स्पीकर चालतो. पोरांसाठी मात्र चावी सापडत नाही. विकास आराखड्यात खेळाचं मैदान म्हणून रंगवलेल्या आमच्या वॉर्डातल्या जागेवर गेली कित्येक वर्षं वाळूचे ट्रक उभे आहेत. आणि वर मुलं मोबाइल सोडत नाहीत म्हणून आम्हा आयांना भाषणं ऐकवता? मोबाइलचं रिचार्ज महिनाभर पुरतं. बाग एका संध्याकाळचे 826 मागते.

पुण्यात सारसबागेजवळ बालभवन आहे, लहानमोठी मुलं तिथे ताईंबरोबर खेळतात. प्रत्येक शहरात एक का नसावं? सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा आहे, आमच्या वाचनालयात बालविभागाची पाटीही आहे, तिच्याखाली एक बंद कपाट आहे.

मला आत्ता एवढंच हवंय: तो जिराफ पुसा आणि एसटीसारखं वयावर अर्धं तिकीट करा. डबा आत जाऊ द्या. दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या वॉर्डातल्या शाळेच्या मैदानाचं फाटक संध्याकाळी उघडा.

आमच्या घरी दाराच्या चौकटीवर तिघांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. दर महिन्याला मधला स्वतःहून उभा राहायचा. काल बोलावलं तर म्हणाला, "नको आई, मोजू नको."

लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली,
तीन मुलांची आई