तंबू पाण्याला लागून नको!

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या ओढ्याकाठच्या कॅम्पिंगवरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, भाषाही ओघवती आहे. पण ‘तंबू पाण्याच्या जितका जवळ तितका उत्तम’ हे वाक्य तुम्ही चौकटीत, ठळक टायपात छापलंत. ते वाचल्यावर गप्प बसवेना. मे-जूनमध्ये मुलांकडे येणारे कितीतरी आई-बाबा तुमच्या पुरवणीची कात्रणं बॅगेत घालून आणतात. त्या कात्रणांत हे वाक्य असता कामा नये.

लेखात ज्या वॉशिटॉ राष्ट्रीय वनाचं पानभर कौतुक आहे, त्याच वनात, आर्कान्सा राज्यात, लिटल मिझुरी नदीकाठी अल्बर्ट पाइक नावाचं कॅम्पग्राउंड आहे. 11 जून 2010 च्या पहाटे तिथे 20 माणसं बुडून मेली. त्यांत लहान मुलंही होती. डोंगरात पाऊस कोसळला, दरी अरुंद, पाण्याला पसरायला जागाच नाही. 3 फुटांवर असलेली नदी काही तासांत 23 फुटांच्या वर गेली. ऐन भरात ती तासाला 8 फूट या वेगाने चढत होती. पुराचा इशारा मध्यरात्रीनंतर निघाला होता, पण दरीत मोबाइलला रेंज नाही आणि लोक गाढ झोपेत. पुढे अनेक वर्षं तिथे रात्रीचा मुक्काम बंद होता. डॅलसच्या आमच्या मराठी मंडळींना हा भाग गाडीने चारेक तासांवर, त्यामुळे शनिवार-रविवार गाठून तिकडे जाणारी कुटुंबं पुष्कळ. अशा ठिकाणाबद्दल पानभर लिहायचं आणि या रात्रीचा एका शब्दानेही उल्लेख करायचा नाही, हे मला तरी पटत नाही.

भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात 30 जून 2024 ला एकाच कुटुंबातले पाच जण गेले, ते आपण सगळे विसरलेलो नाही. डोंगरातलं पाणी कसं वाढतं हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या डोक्यावर चांदणं असतं आणि पाच मैल वर पाऊस पडत असतो. लेखात मात्र ‘आकाश निरभ्र असेल तर निर्धास्त झोपा’ असं लिहिलंय.

मग जागा निवडायची कशी, ते लिहायला हवं होतं. आखीव कॅम्पग्राउंडमध्ये प्रत्येक साइटला नंबर असतो, बुकिंग सहसा सहा महिने आधी उघडतं आणि नकाशात ओढ्यालगतच्या साइट्स सगळ्यांत आधी संपतात. त्या जाऊ द्याव्यात. रस्त्याच्या वरच्या अंगाची, चढावरची साइट घ्यावी, पाण्याचा आवाज तिथेही येतो. पोहोचल्यावर तंबू उघडण्याआधी काठाने दहा मिनिटं फिरावं आणि झुडपांकडे नीट बघावं. खालच्या फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत, काटक्या, प्लॅस्टिकच्या चिंध्या आणि त्या सगळ्यावर वाळलेल्या गाळाचा करडा थर दिसला, तर मागचा पूर तिथवर आला होता असं समजायचं. ही खूण कधी कधी माणसाच्या छातीइतकी उंच असते. तंबू तिच्या बराच वर हवा, तिच्या बरोबरीने नव्हे. फोटोत दिसते तशी सपाट, मऊ वाळू हमखास मोहात पाडते, पण ती वाळू तिथे पाण्यानेच आणून टाकलेली असते.

दुसरं म्हणजे उजेड असतानाच पायी वर चढायची वाट बघून ठेवावी. गाडीची वाट नाही, पायाची. कॅम्पग्राउंडचा रस्ता बहुधा ओढ्याला समांतर जातो आणि एक-दोन ठिकाणी तो ओलांडतो, म्हणजे पुरात आधी रस्ताच जातो. वाहतं पाणी 6 इंच असलं तरी धडधाकट माणसाचा पाय सुटतो आणि 12 इंचांत लहान गाडी वाहून जाऊ शकते. गाडी, तंबू, शेगडी सगळं तिथेच टाकून चढायचं. त्यासाठी बूट आणि डोक्याला बांधायची बॅटरी झोपताना तंबूच्या दाराशी, प्रत्येकाची आपापली. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला किंवा आवाज जड झाला, दगड एकमेकांवर आपटल्यासारखा घरघरू लागला, की कुणाला विचारत बसायचं नाही.

हवामान खात्याचे इशारे ऐकवणारा हवामानाचा रेडिओही लेखात नाही. हात फिरवून चार्ज होणारा, 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झवरच्या सातही वाहिन्या पकडणारा छोटा रेडिओ मिळतो. मोबाइलची रेंज नसते तिथेही तो बऱ्याचदा लागतो. मात्र खोल दरीत तोही मुका होऊ शकतो, म्हणून पोहोचल्या पोहोचल्या लावून बघावा. लागला नाही तर पावसाचा नुसता अंदाज असलेल्या रात्रीसुद्धा ओढ्याकाठी राहू नये.

पूर आला नाही तरी काठावर झोपण्यात सुख नाही. रात्री थंड हवा उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी साठते आणि पाण्याची ओल तिला मिळते. पहाटे तंबूच्या वरच्या कापडाला आतून टपोरे थेंब धरलेले असतात, कापडाला टेकलेला स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग ओलाचिंब होतो. थंडी वाजते म्हणून लोक झडपा बंद करतात, मग श्वासाची वाफही आतच राहते आणि ओल आणखी वाढते. झडपा उघड्या ठेवून अंगात एक स्वेटर जास्त घालणं बरं. पाण्यापासून पंधरा-वीस फूट उंच गेलं तरी फरक जाणवतो.

आता भांड्यांबद्दल. लेखिकेने पोह्यांची कढई ओढ्यात घासल्याचं कौतुकाने लिहिलंय, ‘साबण बायोडिग्रेडेबल होता’ असा खुलासाही केलाय. तो साबणही पाण्यात चालत नाही. त्याचं विघटन मातीत व्हायचं असतं. फोडणीचं तेल तर त्याहून चिवट, संथ डोहावर त्याचा पिवळसर तवंग तरंगत राहतो. पाण्यापासून 200 फूट, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण 70 पावलं लांब जावं. कढई आधी कागदाने कोरडी पुसून तो कागद कचऱ्यात टाकावा. थोड्या गरम पाण्यात घासावी, ते पाणी फडक्यातून गाळून शितं आणि मोहरी पिशवीत घ्यावी. गाळलेल्या पाण्यासाठी कॅम्पग्राउंडमध्ये वेगळी जागा असेल तर तिथे, नसेल तर लांबवर पसरून टाकावं. चहाचा चोथाही पिशवीतच. पिण्याच्या नळाखाली भांडी घासू नयेत, तिथे तशी पाटी असते आणि ती आपल्यालाही लागू आहे. जेवणाच्या सामानाबरोबर टूथपेस्ट आणि खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा लोखंडी बेअर बॉक्समध्ये, म्हणजे अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेटीत जाते. उशाशी चिवड्याचा डबा घेऊन झोपू नये.

‘पाणी काचेसारखं नितळ, ओंजळीने प्यायलो’ हे वाक्य तर छापायलाच नको होतं. जिआर्डिया हा पोट बिघडवणारा सूक्ष्म परजीवी डोळ्यांना दिसत नाही आणि फडक्याने गाळला जात नाही. पाणी खळखळून एक मिनिट उकळावं, 6,500 फुटांच्या वर असाल तर तीन मिनिटं.

शेकोटीवर वाळू टाकून ती विझत नाही. वाळूखाली निखारे तासन् तास धुमसतात. पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं आणि तळहाताच्या मागच्या बाजूने ऊब लागत नाही याची खात्री करायची. ॲरिझोनातला 2011 चा वॉलो वणवा विझली असं समजून सोडलेल्या शेकोटीतूनच पेटला आणि 5 लाख 38 हजार एकर जळालं.

आणखी दोन चुका. लेखभर ‘राष्ट्रीय उद्यान’ छापलंय. वॉशिटॉ हे राष्ट्रीय वन आहे. ते कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे असतं, उद्यानांचा विभाग गृहखात्याकडे (तिथलं गृहखातं म्हणजे जमीन आणि निसर्गसंपत्तीचं खातं). नियम आणि फी वेगळी, त्यामुळे वाचक भलत्याच ठिकाणी माहिती शोधत बसतो. आणि 62 वर्षांवरच्यांना कॅम्पिंगच्या फीमध्ये निम्मी सूट देणारा सीनियर पास फक्त अमेरिकेचे नागरिक आणि कायमचे रहिवासी यांनाच मिळतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना तो मिळत नाही. या पासच्या भरवशावर हिशेब मांडून कुणाची खिडकीवर फजिती होऊ नये.

येत्या रविवारी दुरुस्ती छापावी ही कळकळीची विनंती, तीही तेवढ्याच मोठ्या चौकटीत. मागच्या खेपेला माझ्या पत्रातल्या फुटांचे छापताना मीटर झाले होते आणि ते शेवटपर्यंत दुरुस्त झालं नाही. या वेळी पाण्यापासूनचं अंतर आणि पुराची उंची दोन्ही फुटांत आहे, तशीच राहू द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक, डॅलस