इंजिन बंद पडले म्हणजे हेलिकॉप्टर संपले, असे नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत युद्धपटांमधील हेलिकॉप्टरच्या दृश्यांवर आलेला लेख वाचला. मी 22 वर्षे लष्करी हेलिकॉप्टरवर इंजिन फिटर म्हणून काम केले आहे. लेख मनापासून आवडला. पण पडद्यावर वर्षानुवर्षे दाखवली जाणारी एक खोटी गोष्ट त्यातही तशीच राहून गेली, म्हणून हे पत्र.

हेलिकॉप्टरला गोळी लागते, इंजिनातून धूर निघतो आणि पुढच्याच क्षणी ते दगडासारखे खाली येऊन आगीच्या लोळात नाहीसे होते. प्रेक्षक हेच खरे धरून चालतात. माझी आईही धरायची. टीव्हीवर असा एखादा सिनेमा लागला, की दुसऱ्या दिवशी तिचा प्रश्न ठरलेला, "तुझं ते यंत्र वर असताना बंद पडलं, तर रे?"

तर काय होते, ते सांगतो. वैमानिक डाव्या हातातला कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, तत्काळ खाली घालतो. पात्यांचा कोन कमी होतो आणि हेलिकॉप्टर खाली येत असताना खालून वर जाणारी हवाच पाती फिरवत ठेवते, वाऱ्यात धरलेले भिरभिरे फिरते तशी. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमीन जवळ आली की नाक वर उचलून वेग मोडायचा आणि पात्यांच्या फिरण्यात साठलेली ताकद कलेक्टिव्ह वर ओढून शेवटच्या क्षणी वापरायची. ती ताकद एकदाच मिळते, म्हणून हा क्षण चुकवून चालत नाही. हेलिकॉप्टरच्या प्रत्येक वैमानिकाकडून याचा सराव करून घेतात. 21 जून 1972 रोजी ज्याँ बुले या फ्रेंच वैमानिकाने लामा हेलिकॉप्टर 12,442 मीटर उंचीवर नेले. तिथे इंजिन बंद पडले, ते पुन्हा सुरू होईना. बुले तेवढ्या उंचीवरून ऑटोरोटेशन करत सुखरूप जमिनीवर आले. इतके थरारक प्रसंग खरोखर घडलेले असताना पटकथा लिहिणाऱ्यांना आगीचा लोळच का लागतो, हे मला आजही उमगत नाही.

प्रत्येक वेळी असेच निभावते, असा माझा दावा नाही. कमी उंचीवर आणि कमी वेगात इंजिन गेले तर हाताशी वेळच नसतो. इंजिनाची ताकद पात्यांपर्यंत नेणारा मुख्य गिअरबॉक्स अडकला तर पातीच थांबतात, आणि मग कोणाचेही कौशल्य कामी येत नाही. म्हणून तर गिअरबॉक्सच्या तेलात चिप डिटेक्टर बसवलेला असतो. तो एक लहानसा चुंबक. धातूचा कण त्याला चिकटला की कॉकपिटमध्ये दिवा लागतो. तो प्लग काढून, पांढऱ्या कापडावर पुसून, त्यावरचा केसाएवढा कण भिंगाखाली धरून आम्ही तिघे-चौघे उभे राहायचो. ही नेहमीची झीज, की आतला एखादा बेअरिंग गेला? हेलिकॉप्टर उद्या उडणार की नाही, ते त्या कणावर ठरायचे. सिनेमात मात्र नायक धावत येतो, बटण दाबतो आणि दोन सेकंदांत आकाशात असतो. त्याच्या आधी रात्रभर जागलेली माणसे तिथे कुठेच नसतात.

आगीच्या लोळाबद्दल अजून थोडे. अमेरिकी लष्कराने 1970 पासून ह्यूई या आपल्या वाहतुकीच्या हेलिकॉप्टरमध्ये अपघातात न फुटणाऱ्या इंधनटाक्या बसवायला सुरुवात केली, कारण आदळल्यानंतर जगलेली माणसे पुढे आगीत मरत होती. लष्करी हेलिकॉप्टरच्या रचनेतला हा फार मोठा बदल होता. पडद्याला त्याचा पत्ताच नाही. 1982 च्या जुलैमध्ये तर कॅलिफोर्नियात व्हिएतनाम युद्धाचे दृश्य चित्रित करताना नकली स्फोटांनी अगदी खाली उडणाऱ्या खऱ्या हेलिकॉप्टरचे शेपटीचे पाते निकामी केले. ते खाली कोसळून एक अभिनेता आणि दोन लहान मुले जागीच ठार झाली. स्फोट आणखी मोठा दिसावा या हव्यासाची इतकी भयंकर किंमत मोजून झाली आहे.

'एअरवुल्फ' मालिकेतले हेलिकॉप्टर आवाजापेक्षाही वेगाने उडायचे. प्रत्यक्षात वेग वाढला की पुढे जाणाऱ्या बाजूच्या पात्याचे टोक ध्वनीच्या वेगाजवळ पोचते आणि मागे जाणाऱ्या बाजूच्या पात्याला उचल मिळेनाशी होते. 1986 मध्ये खास तयार केलेल्या लिंक्स हेलिकॉप्टरने विक्रम केला, तो ताशी 400 किलोमीटरचा. मालिकेपुरती ही कल्पना सोडून देता येईल. मला चटका लावते ती पुढची हकीकत. मालिकेसाठी वापरलेले ते बेल 222 नंतर जर्मनीत रुग्णवाहिका म्हणून काम करत होते आणि 1992 मध्ये कोसळून त्यातले तिघे गेले. त्याच्या या शेवटच्या कामाची आठवण मालिकेच्या किती चाहत्यांना असेल?

लेखात व्हिएतनाम युद्धावरच्या 'अपोकॅलिप्स नाऊ' सिनेमातल्या हेलिकॉप्टर हल्ल्याची स्तुती आहे, ती रास्तच आहे. त्यातली हेलिकॉप्टर फिलिपिन्सच्या लष्कराची होती आणि चित्रीकरण अर्धवट टाकून ती खऱ्या लढाईसाठी बोलावली जात. पण त्या दृश्याने जगाच्या मनात हेलिकॉप्टर म्हणजे उडती तोफ, हेच चित्र पक्के केले. त्याच युद्धात जखमींना उचलणाऱ्या 'डस्टऑफ' तुकड्या होत्या. 1 जुलै 1964 रोजी गोळीबार सुरू असताना मेजर चार्ल्स केली यांना खालून निघून जायला सांगितले गेले. तुमचे जखमी चढले की निघतो, असे त्यांनी उत्तर दिले आणि त्यानंतर गोळी लागून ते गेले. त्या युद्धात वापरलेल्या सुमारे 12,000 अमेरिकी हेलिकॉप्टरपैकी 5,000 हून अधिक नष्ट झाली. एवढ्या वैमानिकांनी आणि फिटरांनी काय सोसले असेल, ते पडद्यावर फार थोडे आले आहे. कोरियन युद्धावरच्या 'मॅश' मालिकेच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंच्या स्ट्रेचरवर जखमी घेऊन येणारी छोटी बेल 47 दिसतात, त्याबद्दल मी त्या मालिकेचा कायमचा ऋणी आहे. 'ब्लॅक हॉक डाउन'मध्येही शेपटीचे पाते गेल्यावर हेलिकॉप्टर गरगर फिरत खाली येते आणि आदळल्यावरही आत माणसे जिवंत असतात. 1993 मध्ये सोमालियातल्या मोगादिशूत पडलेल्या दुसऱ्या ब्लॅक हॉकचा वैमानिक खरोखरच वाचला आणि 11 दिवसांच्या कैदेनंतर सुटला. म्हणजे मनात आणले तर खरे दाखवता येते, आणि ते बघवतही नाही इतके परिणामकारक होते.

आपल्या समीक्षकांनी हेलिकॉप्टर असलेल्या सिनेमांवर लिहिताना त्यातली दृश्ये किती खरी आहेत, हेही तपासावे, ही माझी विनंती आहे. पात्यांचे काम झाले की चाचणी उड्डाणात ऑटोरोटेशन करून पात्यांचे फेरे मोजावे लागतात. अशा उड्डाणात मी कितीदा तरी मागे बसलो आहे. इंजिन आयडलवर, म्हणजे अगदी कमी ताकदीवर येते, नेहमीची गर्जना ओसरते आणि हवा कापणाऱ्या पात्यांचा आवाज तेवढा उरतो. पोट हलके होते. हजार फूट खाली यायला साधारण अर्धे मिनिट लागते. तेवढे अर्धे मिनिट एखाद्या दिग्दर्शकाने एकदा तरी न कापता दाखवावे.

आपला,
एक निवृत्त इंजिन फिटर