ती रमायला जाते

मांजलपूर, बडोदा
२० जानेवारी

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मायना तुम्ही शिकवलात तसाच घातलाय. शुद्धलेखन तपासायच्या आधी पूर्ण वाचा, एवढीच विनंती.

तिळगुळाचा डबा परवा पोचला. आई, वड्या शाबूत होत्या. कोपऱ्यातल्या दोन तुटल्या होत्या, त्या तुझ्या जावयांनी पुरावा नष्ट करावा तशा तिथल्या तिथे संपवल्या. ठमीने हलव्याची पुडी दप्तरात लपवून वर्गात नेली. ‘आजीने पाठवलाय’ असं सांगून एकेकाला मोजून पाच पाच दाणे दिले म्हणे.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण मी मुद्द्यावर आले की तू ‘बरं बरं, भाजी काय केलीस’ म्हणतेस आणि बाबा गॅलरीत निघून जातात. म्हणून पत्र. आता सरळच लिहिते. आम्ही हे घर विकत घेतलंय. भाड्याने होतो तेच. घरमालक कमुरता, म्हणजे संक्रांतीआधीचा अशुभ महिना, संपायची वाट बघत होते, उतराण म्हणजे आपली संक्रांत होताच शनिवारी बानाखत करून टाकलं. बानाखत म्हणजे आपलं साठेखत.

‘एका वर्षासाठी जातोय’ असं मी बोरिवलीच्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाले होते, ते मला आठवतंय. तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. कांदिवलीचा फ्लॅट विकायला काढलाय. त्यात तुमच्या फंडाचे जे होते ते सगळ्यात आधी तुमच्या खात्यावर येतील. बाबा, ‘राहू दे’ म्हणायचं नाही. दादालाही मी हेच सांगितलंय आणि एकदाचं आमचं दोघांचं एकमत झालंय, तेव्हा मोडता घालू नका.

कारणं हवीत तर पुष्कळ आहेत. मकरपुऱ्याची फॅक्टरी स्कूटरने दहा मिनिटांवर, त्यामुळे जावई संध्याकाळी उजेड असताना घरी येतात. माझं काम घरूनच चालतं. हप्ता अर्ध्यावर येतो. ही सगळी खरी आहेत, पण मी ती ओळीने मांडायला लागले की तुम्हाला लगेच कळतं, ही काहीतरी झाकतेय. तर झाकत नाही. मुख्य कारण ठमी आहे.

कांदिवलीत ती एकोणिसाव्या मजल्यावर राहायची. लिफ्टने एकटीने खाली जायला मनाई, पोडियमवर चेंडू खेळायला मनाई, खेळायचं तर आयांनी ग्रुपवर वेळ ठरवायची. सहा वर्षांत ती एकटी कुठे गेली असेल तर बाथरूममध्ये. बसपासून तुमच्या घरापर्यंत बाबा तिला मनगट धरून आणायचे. बोटं नाही, मनगट. ‘बोटं सुटतात.’ हे मी माहीमच्या जत्रेनंतर इतक्यांदा ऐकलंय की मीही तिला तसंच धरायचे. तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही, बाबा. तिथे तसंच धरायला हवं होतं.

इथे आमची टेनामेंटची सोसायटी आहे. एकाला एक चिकटलेली घरं, प्रत्येकापुढे ओटा आणि ओट्यावर झोपाळा. मधला रस्ता एकीकडून बंद, त्यामुळे आत येतात ती फक्त इथल्यांचीच वाहनं. तोंडाशी किराणा दुकान.

नोव्हेंबरात एका रविवारी कढीला ताक कमी पडलं. ठमी म्हणाली, मी आणते. मी हो म्हणून गेले आणि लगेच पोटात गोळा आला. वीसची नोट मुठीत धरून ती निघाली, आणि मी तिच्या मागे. चोरासारखी, एका गाडीआडून दुसऱ्या गाडीआड. अंगावर गाऊन, हातात झारा. शेजारच्या बा, म्हणजे आजी, ओट्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, शेंग सोलायची थांबवली नाही, एवढंच म्हणाल्या, ‘जवा दे ने बेटा, आखी सोसायटी जुए छे.’ जाऊ दे गं, अख्खी सोसायटी बघतेय तिच्याकडे. आणि खरंच, वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या एक बेन बघत होत्या, स्कूटर पुसणारे काका बघत होते. मी तिथेच बांच्या पायरीवर बसले. ठमी परत आली तेव्हा थैली दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, गालात पेपरमिंट, आणि चेहरा असा की गड घेऊन आली असावी. मला म्हणाली, ‘आई, तू झारा घेऊन इथे काय करतेस?’

कढी फाटली होती तोवर. कोणी काही बोललं नाही.

त्यानंतर हळूहळू सगळंच सुटत गेलं. आता संध्याकाळी पाच वाजले की सायकल काढते आणि ओरडून सांगते, ‘आई, मी रमायला जाते!’ गुजरातीत रमवुं म्हणजे खेळणं, तिथून तिने ते उचललंय. आधी मी दुरुस्त करायचे, ‘खेळायला जाते म्हण.’ मग सोडून दिलं. बाबा, तुम्हाला व्याकरणाचा त्रास होईल, पण ती जाते तेव्हा खरंच तेच करायला जाते.

उतराणीला सकाळी सातपासून गच्चीवर होती. जावई तिला पतंग उडवायला शिकवत होते, पण तिला फिरकी धरणंच आवडलं. कुणाचा पतंग कापला की सगळ्या गच्च्यांवरून एकदम ‘काप्यो!’ उठतं, त्यात हिचा आवाज वेगळा ओळखू यायचा. बोटांना आधीच पट्ट्या गुंडाळल्या होत्या. स्कूटरच्या हँडलवर तारेची कमान बसवली होती आणि ठमी पुढे उभी राहत नाही. मांज्याच्या बातम्या वाचून बाबांनी चार मेसेज पाठवले होते, ते मिळाले.

मगरीचेही मिळाले. ते फोटो खोटे नाहीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा मगरी वस्तीत शिरल्या होत्या. आमच्या इथे नदी लागून नाही. तरी पावसाळ्यात कांसाकडे, म्हणजे नाल्याकडे, फिरकायचं नाही हा नियम पक्का आहे. नियम आणखी तीनच: मेन रोड नाही, कुणाच्या घरात शिरायचं तर आधी येऊन सांगायचं, आणि देवळातली आरतीची घंटा ऐकली की घरी. चौथा कडुलिंबाच्या झाडावर न चढण्याचा होता, तो कुणीच पाळला नाही.

आता एक कबूल करायचंय. आई, व्हिडिओत तू विचारलं होतंस, हनुवटीला काय लागलंय, आणि मी म्हणाले चॉकलेट. ते चॉकलेट नव्हतं, दोन टाके होते. डिसेंबरात सायकलवरून पडली. बांच्या सुनेने माझ्याआधी तिला उचललं आणि तिचा दीर आम्हाला गाडीतून दवाखान्यात घेऊन गेला. आता पूर्ण बरं आहे, केसाएवढी रेघ उरलीय, हसली की दिसतही नाही. तेव्हा सांगितलं असतं तर तू रात्रभर जागली असतीस आणि तुझं बीपी माझ्या डोक्यावर बसलं असतं. रागव, पण गोळी घेऊन रागव.

दादा सांगत होता, तिची ससा असलेली ताटली तू अजून ओट्यावर धुऊन उपडी ठेवतेस. मला ते ऐकल्यापासून दुपारी अडीच वाजले की काही सुचत नाही. तीच तर तुमची वेळ. वरण-भात, मग बाबांच्या पोटावर डोकं ठेवून झोप. तुमच्या दुपारी मी उचलून इकडे आणल्या, हे मला कळतं. तिला अंगण मिळालं ते तुमच्या घरातून काढून. याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त असं समजू नका की ती विसरलीय. परवा रस्त्यात मी हात धरायला गेले तर झटकला, म्हणाली, ‘मला येतं.’ दोन पावलांवर पुन्हा थांबून म्हणाली, ‘पण आजोबा आले की त्यांचं मनगट मी धरणार. त्यांना उजवीकडून येणारी गाडी दिसत नाही ना.’ तेव्हा बाबा, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका.

घर घेतलं तेव्हा मागची खोली तुमची धरूनच घेतलंय. तळमजला, आत एकही पायरी नाही. ओट्याच्या एका पायरीलाही उतार करून घेणार आहे. बाथरूममध्ये कमोड आहे, भिंतीला धरायला दांडी बसवतेय. खिडकी पूर्वेकडे, बाबांना पेपर वाचायला उजेड. झोपाळा आई तुझा. भाजीवाली दारात येते आणि दोन दिवसांत तू तिच्याशी भाव करशील अशा मराठीत बोलते. दांडिया बाजारात तर तुला बडोद्यात आहोत असं वाटणारही नाही, निम्मं जग मराठी.

आणि बाबा, तुम्ही आम्हाला सयाजीराव सांगून सांगून मोठं केलंत. १९०६ साली संस्थानभर सक्तीचं मोफत शिक्षण, १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालय. ते ग्रंथालय मांडवीला आहे. पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरश्या आहेत, उजेड खालपर्यंत जावा म्हणून. पंचाहत्तर वर्षं नुसतं बोललात, आता येऊन बघा. ठमीला कमाटी बागेच्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा तुम्हाला दाखवायचाय. सध्या रोज एक मणका वाढतोय तिच्या सांगण्यात.

कायमचे या असं मी आत्ता म्हणत नाही. म्हटलं की तुम्ही दोघं गप्प व्हाल. होळीला या आणि पंधरा दिवस राहा. वंदे भारत बोरिवलीला थांबते, सकाळी बसलात की साडेदहाच्या आत बडोदा. तिकिटं मी काढतेय. रात्रीच्या गाडीचं नाव काढायचं नाही, बर्थवर चढण्याचं वय गेलं. डबे भरून आणायचे नाहीत. लोणचं चालेल. पुरणयंत्र आणू नकोस, माझ्याकडे आहे.

तोवर: स्टुलावर चढून जळमटं काढायची नाहीत. बाबांचे डोळ्यांचे थेंब दिवसातून चार वेळा, ‘बहुतेक घातले’ हे उत्तर नको. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला कुठलाही आकडा सांगायचा नाही, तो कितीही आदराने बोलला तरी. गॅसवाल्याला सिलिंडर आत ठेवायला सांगा, वीस रुपये जास्त द्या. आणि आई, एकट्या दोघांसाठी काय करायचं म्हणून रात्री चहा-पोळीवर भागवतेस, तेही दादाने सांगितलंय. खिचडी टाकायला पंधरा मिनिटं लागतात.

घंटा होऊन गेली. ठमी आत्ता दारात आली, एका पायात चप्पल नाही आणि कुठे राहिली ते आठवत नाही म्हणते. बॅटरी घेऊन बघून येते. उरलेलं फोनवर. या वेळी बाबांनी गॅलरीत जायचं नाही.

तुमची
छोटी