गंधावर फोडलेले खापर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील देहगंधावरचा लेख वाचला. तो रसाळ आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र एकत्र राहणाऱ्या स्त्रियांच्या पाळीच्या तारखा एकमेकींच्या गंधामुळे जुळतात, हे विधान त्यात सिद्ध झाल्याच्या थाटात केले आहे, म्हणून हे पत्र.

या समजाचे मूळ असलेला, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्था मॅक्लिंटॉक यांचा १३५ विद्यार्थिनींवरचा निबंध १९७१ सालचा. आपले लेखक तिथेच थांबले. चीनमध्ये वसतिगृहात राहणाऱ्या १८६ तरुणींच्या वर्षभराहून अधिक काळाच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा तारखा जुळत नसल्याचे दिसले, हा २००६ सालचा निष्कर्ष त्यांच्या वाचनात आला नसावा. एकीचे चक्र २८ दिवसांचे आणि दुसरीचे ३१ दिवसांचे असेल, तर तारखा कधी जवळ येणार, कधी लांब जाणार. त्यासाठी कोणी कोणाचा घाम हुंगण्याची गरज नाही.

माझी तक्रार निव्वळ पुस्तकी नाही. नोकरीत असताना आम्ही काही जणींनी कामाच्या वाटपाबद्दल लेखी तक्रार दिली होती. विभागप्रमुखांच्या टेबलाच्या काचेखाली अशाच एका लेखाचे पिवळे पडलेले कात्रण होते. त्यावर बोट ठेवून ते हसत म्हणाले, ‘तुम्हा सगळ्यांच्या तारखा एकदमच येतात म्हणे. चार दिवस जाऊ द्या, मग बोलू.’ सह्या करणाऱ्यांपैकी एक सात महिन्यांची गरोदर होती आणि दुसरीची पाळी केव्हाच बंद झाली होती, हे त्यांच्या शास्त्रात बसणारे नव्हते. चार दिवसांनी कोणीही काही बोलले नाही आणि तक्त्यातली आमची नावे होती तिथेच राहिली. पुढे कोणी साधी हरकत घेतली तरी साहेबांची नजर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जात असे.

शरीरातून बाहेर पडणाऱ्या रसायनांचा दुसऱ्यावर परिणाम होतच नाही, असे माझे म्हणणे नाही. स्त्रियांचे अश्रू हुंगल्यावर पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण घटल्याचे इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०११ साली नोंदवले, तेही त्या अश्रूंना जाणवण्यासारखा वास नसताना. त्या आधारे पुरुष अधिकाऱ्यांचे निर्णय चार दिवस पुढे ढकलावेत, अशी सूचना कोणी केल्याचे मात्र ऐकिवात नाही.

जाता जाता आणखी एक. याच लेखाखाली ‘फेरोमोनयुक्त’ अत्तराची पाव पानाची जाहिरात आहे, हा योगायोगच समजते. फेरोमोन म्हणजे एका जीवाने सोडलेले आणि त्याच जातीच्या दुसऱ्या जीवाच्या वागण्यावर परिणाम करणारे रसायन. रेशीमकिड्याच्या पतंगातील फेरोमोन १९५९ सालीच ओळखले गेले. माणसात अद्याप असे एकही रसायन निर्विवाद सिद्ध झालेले नाही. जाहिरातदारांचे गिऱ्हाईक पतंग असतील, तर माझी हरकत नाही.

लेखातील चूक दुरुस्त करणारा खुलासा कृपया त्याच पुरवणीत, तितक्याच ठळक टंकात छापावा. मागच्या खुलाशासारखा तो शब्दकोड्याच्या खाली शोधावा लागू नये.

आपली,
एक जुनी वाचक