कोळ्याच्या पाठीवरची पिल्लं

जळगाव, मृग नक्षत्र

चि. वैशाली हिस,
अनेक आशीर्वाद.

मोरीत दिसलेल्या कोळ्याच्या पाठीवरचे केस हलत होते, असं तू फोनवर म्हणालीस. ते केस नव्हते, पिल्लं होती. तू झाडू उगारला नाहीस हे फार बरं केलंस. लहानगी घरात रांगते आहे, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते.

तो लांडगा कोळी, आणि पाठीवर पिल्लं म्हणजे मादीच. हे कोळी किडे धरायला जाळं विणत नाहीत, जमिनीवर धावून पकडतात. (बांधावर सकाळी दवाने भिजलेलं सपाट जाळं दिसतं, एका टोकाला नळीसारखं बीळ असलेलं, ते याच कुळातल्या एका जातीचं. तेवढा अपवाद.) रंग मातीचा, करडा-तपकिरी. डोळे आठ, तीन ओळींत: खाली चार बारीक, मध्ये दोन मोठे, वर दोन मध्यम. रात्री टॉर्च कानशिलाशी, डोळ्यांच्या रेषेत धरून अंगणात उजेड टाक. त्याचे डोळे लांबूनही चमकतात, आणि पिल्लं वाहणारी असली तर सगळी पाठच लुकलुकते.

अंडी असताना ओळखणं आणखी सोपं. लांडगा कोळ्याची मादी अंड्यांची गोल, फिकट पुरचुंडी शरीराच्या मागच्या टोकाला, तंतू निघतात तिथे, चिकटवून फिरवते. भिंतीवर पाय पसरून बसणारा चपटा मोठा कोळी अंड्यांची चपटी थैली पोटाखाली धरतो. छताच्या कोपऱ्यातला काडीसारख्या पायांचा कोळी अंडी जबड्यात धरून बसतो. तेही दोघे निरुपद्रवी आहेत.

घोटाळा व्हायला नको तो विंचवाशी. विंचवीण पिल्लांनाच जन्म देते आणि तीही पांढरट पिल्लं पाठीवर घेते. नांगी आणि पुढचे चिमटे दिसले तर बरणी वगैरे काही आणू नकोस. लहानगीला उचलून लांब हो आणि घरातल्या मोठ्या माणसाला लांब चिमटा घेऊन बोलाव. लाल विंचू लहान मुलाच्या जिवावर बेततो. दंशानंतर घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर मंत्र-उतारा करत बसायचं नाही, थेट दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून पुष्कळ जीव वाचले आहेत, पण औषध वेळेत पोटात जायला हवं.

आता कोळिणीचं. अंडी पिकली की ती पुरचुंडीची शिवण जबड्याने उसवते. पिल्लं बाहेर येऊन तिच्या पायांवरून पाठीवर चढतात आणि पाठीवरच्या खास केसांना धरून बसतात. साधारण आठवडाभर, कधी जास्त. तेवढ्यात ती शिकार करत नाहीत, अंड्यातल्या उरलेल्या बलकावर जगतात. मग एकेक उतरून पांगतात, काही तंतू सोडून वाऱ्यावर जातात. घरात कोपरे धरून जाळी करत नाहीत. त्यांना ओल आणि बारीक किडे लागतात, म्हणून कोरड्या फरशीवर फार काळ टिकतही नाहीत.

मारू नको म्हणते त्याचं कारण एवढंच. फटका बसला की आई मरते आणि दहा-वीस नाही, शंभरावर पिल्लं फरशीभर सुटतात. फवाऱ्यानेही तेच होतं, शिवाय औषध त्याच फरशीवर राहतं जिथे लहानगी हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते.

रुंद तोंडाची, पारदर्शक प्लास्टिकची बरणी घे. तोंड चार इंच तरी हवं. अरुंद असली तर कडेखाली पाय चिरडतात आणि पिल्लं उधळतात. सोबत लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा. बरणी वरून सावकाश ठेव, सगळे पाय आत येईपर्यंत थांब. मग पुठ्ठा जमिनीलगत हळूहळू सरकव. कोळी स्वतःहून त्यावर चढतो. झटका दिलास तर पिल्लं गळतात. गळलीच तर बरणी आडवी ठेवून थोडा वेळ शांत राहा, पुष्कळशी परत आईवर चढतात. उरलेली मऊ, कोरड्या ब्रशने कागदावर घे. अंड्यांची पुरचुंडी सुटली तर तीही बरणीत टाक, आई शोधून परत लावून घेते.

सोडायचं संध्याकाळी, घरापासून पंधरा-वीस फुटांवर, केळीच्या वाळल्या पानांखाली सावलीत. तापलेल्या फरशीवर किंवा उघड्या उन्हात नाही.

चावण्याबद्दल: दाबला गेला तरच चावतो. दुखतं, लाल होऊन थोडं सुजतं. साबणपाण्याने धू, गार फडकं ठेव. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर मात्र डॉक्टर. आणि पावसाळ्यात मानेवर-हातावर जळजळणाऱ्या फोडांची रेघ उठते, तिला लोक कोळी फिरला म्हणतात. बहुतेक वेळा ते काम दिव्यावर येणाऱ्या काळ्या-नारिंगी, मुंगीएवढ्या लांबट किड्याचं असतं. तो अंगावर चिरडला की त्यातल्या रसाने कातडी भाजते. बसला तर फुंकर मारून उडवायचा, चोळायचा नाही.

रावेरकडच्या मळ्यात हे कोळी असणारच. ठिबकमुळे भर उन्हाळ्यातही केळीखाली ओल असते, वाळल्या पानांखाली आडोसा असतो. मृगाचा पाऊस पडला की काळ्या मातीतल्या भेगा बुजतात, बिळांत पाणी शिरतं, आणि ते ओट्यावर चढतात. दारावरचा पांढरा बल्ब किडे बोलावतो, किड्यांमागून कोळी येतो. बल्ब दारापासून लांब, पिवळ्या उजेडाचा लाव. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी.

मागच्या भिंतीला टेकवलेल्या पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळल्या काड्या) आणि गोवऱ्या मात्र याच आठवड्यात हलवून घ्या. भिंतीपासून तीन फूट लांब, खाली विटा ठेवून. हलवण्याआधी जावईबापूंना ढीग काठीने ठोकायला सांग, बूट झटकून घालायला सांग, आणि हात उघडे नकोत. त्या ढिगात कोळ्यापेक्षा विंचवाची शक्यता जास्त.

तुझी,
आई