शनिवारी मागही बंद

अश्दोद, इस्राएल

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

आईच्या गुडघ्याचं कळलं. नुसतं तेल चोळून भागणार नाही, डॉक्टरांना दाखव. ज्यू लोकांचा धर्म आपल्यापेक्षा कडक आहे का, असं तू विचारलं होतंस. ते फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

मी सांभाळते त्या आजी अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. अजून मराठीतच रागावतात. कोकणात या लोकांचे तेलाचे घाणे असायचे आणि शनिवारी ते बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. इथं शुक्रवारी दुपारपासून आमची धावपळ सुरू होते. दिवस मावळायच्या आत स्वयंपाक उरकून भांडी गरम प्लेटवर ठेवायची. फ्रिजमधला बल्ब सैल करायचा, कारण दार उघडलं की दिवा लागतो, आणि शब्बाथला, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, विस्तव पेटवायचा नाही. मग आजी मेणबत्त्या लावतात, डोळ्यांवर हात धरून पुटपुटतात. तिथून शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत 39 प्रकारची कामं वर्ज्य. त्यात तुझा सगळा धंदा येतो बघ: सूत रंगवणं, कातणं, ताणा लावणं, दोन धागे विणणंसुद्धा. आणि ही विश्रांती एकट्या मालकाची नाही. नोकर, दाराशी राहणारा परका, बैल, गाढव, सगळ्यांची. तोरातच, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथातच, तसं लिहिलंय. जीव वाचवायचा असेल तर मात्र शब्बाथ बाजूला ठेवायचा, त्यात दुमत नाही.

एक गोष्ट माझ्या मनात घोळत राहते. यांच्यात भिक्खू नाहीत. 613 आज्ञा मानतात, आणि त्यातलं रोजचं पाळणं घराघरावर येतं. मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी, भाकरी मोडण्याआधी हात धुऊन प्रार्थना, शौचाहून आल्यावरही प्रार्थना. आपल्याकडे पातिमोक्खाचे, म्हणजे भिक्खूंच्या नियमावलीचे, 227 नियम भिक्खूंना, आणि आपल्याला पंचशील. बुद्धांनी आपल्याला हात कुठं ठेव हे सांगितलं नाही, मनातली चेतना, म्हणजे कामामागचा हेतू, तपास म्हणाले. मला ते मोठं वाटतं आणि अवघडही. कारण बल्ब सैल केलाय की नाही हे कुणालाही दिसतं, चेतना फक्त आपल्यालाच दिसते. मग वंदना म्हटली, बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसली, की आपल्याला वाटतं झालं.

पण गृहस्थाला काहीच सांगितलं नाही असंही नाही. सिगालोवाद सुत्त विहारात ऐकलंयस तू. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगालाला बुद्ध म्हणाले, पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण गुरू, पश्चिम बायकामुलं, उत्तर मित्र, वर श्रमण, आणि खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारी माणसं. त्यांच्यासाठी मालकानं पाच गोष्टी करायच्या: ताकद बघून काम द्यायचं, जेवण आणि मजुरी द्यायची, आजारपणात बघायचं, गोडधोड झालं तर त्यांनाही द्यायचं, मधूनमधून सुट्टी द्यायची. तोराही मजुराला सूर्य मावळायच्या आत मजुरी दे म्हणते. यांच्याकडे देवाची आज्ञा, आपल्याकडे देवच नाही, तरी दोन्ही वाटा मजुराच्या हातावरच्या पैशाशी येऊन भेटतात. बाबासाहेबांनी धम्म म्हणजे माणसानं माणसाशी नीट वागणं असं मांडलं, ते मला इथं आजींचे पाय पुसताना जास्त पटतं. बुद्धांनीही जुलाबानं पडलेल्या भिक्खूला आपल्या आनंद नावाच्या शिष्याला हाताशी घेऊन स्वतः धुतलं होतं.

म्हणून दादा, लहान असून सांगते, राग मानू नकोस. तुझ्याकडचे मामा अंगात ताप असताना मागावर उभे राहतात, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. धंदा मंदा आहे, सुताचा भाव तुलाच माहीत. तरी आजारपणाचे दिवस भरपगारी धर. या महिन्याच्या पैशात थोडे जास्त घातलेत, ते त्यांच्या औषधाला दे आणि मला कळव. आणि आजींसाठी दोन सोलापुरी चादरी बाजूला काढून ठेव, रंग गडद निळा.

आईबाबांना वंदन.

तुझी धाकटी